साडेचार मीटर पट्टी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा टाळलं. आपल्या बाईंच्या हस्ताक्षरावर, सरांच्या डस्टरवर आणि मुर्ध्याच्या पुढे बंद पडणाऱ्या एसटीवर बाकीचे लिहिणारच आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणार आहेत. शाळेत माझा इतिहास कधी साठच्या वर गेला नाही, हे इतिहासाच्या बाईंना आठवत असेल. तरीही हा लेख इतिहासाचाच आहे. विषय आहे एक कापडी पट्टी. साधारण पाच सेंटिमीटर रुंद, मोठ्या माणसासाठी साडेचार मीटर लांब, लहान मुलांसाठी त्याहून आखूड. मुष्टियुद्धाचा सराव सुरू करण्याआधी ती हाताला गुंडाळतात.

हा विषय माझ्याकडे आला तो चौकमुळे. आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचमध्ये चौकहून येणारा एकच मुलगा होता. नाव लिहू नकोस, असं त्याने बजावलंय, पण तुम्हाला ते सांगावं लागणार नाही. शेवटच्या बाकावरचा, पावसाळ्यात हमखास दुसऱ्या तासाला पोचणारा, आणि डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणून अख्ख्या वर्गाला भूक लावणारा. गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने एक फोटो टाकला होता. आठ-दहा मुलं, अंगणात लटकवलेली एक पिशवी, मागे खाडी. खाली एवढंच लिहिलेलं : ‘रविवार सकाळ. फी नाही.’ माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. टोकियोला लवलिना बोर्गोहेनला कांस्य मिळालं तेव्हापासून तिच्या डोक्यात बॉक्सिंग होतं आणि मी ते अभ्यासाच्या नावाखाली ढकलत होते. फोटो तिने बघितला आणि विषय संपला.

भाईंदर पश्चिमेहून बस निघते ती मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन करत चौकला पोचते. पुढे रस्ता नाही, खाडी आहे, आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. टेकडीवर धारावीचा किल्ला आहे, आता तिथे चिमाजी अप्पांचा पुतळाही आहे. आपण सहलीला गेलो होतो तेव्हा पडक्या दगडांशिवाय काही नव्हतं आणि मी त्या दगडांवर बसून फक्त इडली खाल्ली होती. हे ठाणं खाडीच्या तोंडाशी असल्यामुळे वसईच्या मोहिमेत त्याला महत्त्व होतं, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता त्याच टेकडीच्या पायथ्याशी दर रविवारी सकाळी सातला मी चपला काढून एका ओट्यावर बसते.

पहिल्या रविवारी त्याने मुलीला ठोसा कसा मारायचा ते दाखवलंच नाही. दीड तासातला पहिला पाऊण तास पट्टीत गेला. तिला समोर स्टुलावर बसवलं, म्हणाला, ‘हात पुढे कर. बोटं फाकव. जास्त. मासा पकडायचा असल्यासारखी.’ पट्टीच्या टोकाला फास असतो, तो अंगठ्यात अडकवला. मग पट्टी पंज्याच्या मागून मनगटाकडे नेऊन मनगटाला तीन वेढे. तिथून तिरकी वर नेऊन बोटांच्या मुळाशी, म्हणजे मूठ वळल्यावर जी चार टेकाडं दिसतात त्यांच्यावर, तीन वेढे. मग करंगळी आणि अनामिकेच्या मधून एकदा, पुढच्या दोन बोटांमधून एकदा, तिसऱ्या फटीतून एकदा, आणि दर वेळी परत अंगठ्याच्या मुळाशी. मग अंगठ्याला एक वेढा, पुन्हा टेकाडांवर, आणि उरलेली सगळी मनगटावर. शेवटी चिकटपट्टा. ‘मूठ वळ. उघड. परत वळ. मुंग्या येतात का?’ मग त्याने तिच्या बोटाचं टोक दाबून सोडलं आणि नखाखाली लाली परत किती वेळात येते ते बघितलं. डाव्या हाताला ती निळसर राहिली. सगळं सोडलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

मी सवयीने फोनवर पायऱ्या टिपत होते. तो म्हणाला, ‘काय गं, फ्लोचार्ट काढतेस? तुझ्या कंपनीत चालेल. इथे बोटांना कळलं पाहिजे.’ त्याच्या बोटांना कळतं यात शंका नाही. लहानपणापासून जाळी विणलेली आणि सांधलेली बोटं आहेत ती. दोरा किती ओढला की गाठ धरते आणि किती ओढला की कापते, हे त्याला पट्टीच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

मग त्याने स्वतःची उजवी मूठ वळून तिच्यासमोर धरली. करंगळीच्या मुळाशी जिथे टेकाड हवं तिथे खळगा. ‘हे बघ. हे पट्टी न बांधल्याचं.’

तो खळगा मला माहीत होता. त्याबद्दल पुढे सांगते. आधी इतिहास, कारण त्या दिवशी घरी येऊन मी रात्री दोनपर्यंत तोच वाचत बसले.

आपल्या हाताच्या पंज्यात सत्तावीस हाडं असतात. आठ मनगटात, पाच तळहातात, चौदा बोटांत. तळहातातली पाच लांब हाडं पंख्याच्या काड्यांसारखी शेजारीशेजारी असतात आणि त्यांना एकत्र धरणारं सगळं मऊ असतं. पंजा हा पकडायला, विणायला, लिहायला घडलेला आहे. तो कवटीवर आपटण्यासाठी घडलेला नाही. कवटी त्याच्यापेक्षा फार कठीण असते. चुकीच्या कोनात ठोसा बसला की सगळ्यात बाहेरची, करंगळीच्या रेषेतली काडी मानेपाशी मोडते. डॉक्टरांच्या भाषेत या मोडीला बॉक्सरचंच नाव आहे, जरी ती जास्त करून भिंतीवर किंवा दारावर राग काढणाऱ्यांना होत असली तरी. पट्टी दोनच गोष्टी करते : त्या पाच काड्या एकमेकींना घट्ट धरून ठेवते, म्हणजे धक्का एकटीवर पडत नाही, आणि मनगट सरळ ठेवते. ठोसा मऊ करणं हे पट्टीचं काम नाही. माझी समजूत नेमकी तीच होती.

हात बांधून लढणं किती जुनं? ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर अक्रोतिरी इथे ज्वालामुखीच्या राखेखाली सुमारे साडेतीन हजार वर्षं दडलेलं एक भित्तिचित्र सापडलं. दोन लहान मुलं एकमेकांना ठोसे मारताहेत आणि दोघांच्याही फक्त उजव्या हातात काहीतरी चढवलेलं आहे. मुलं अगदी आपल्या पाचवीतल्या वयाची. होमरच्या इलियडमध्ये पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत मुष्टियुद्ध आहे. तिथे युरियलस लढायला उभा राहतो तेव्हा त्याचा मित्र डायोमिडीज त्याला कमरपट्टा बांधतो आणि बैलाच्या कातड्याच्या वाद्या देतो. युरियलस हरतो, एपियस जिंकतो. माझं लक्ष मात्र त्या वाद्या देणाऱ्याकडेच राहिलं.

ऑलिंपियाच्या खेळांत मुष्टियुद्ध आलं ते इसवीसनपूर्व ६८८ मध्ये. त्या काळच्या वाद्या साध्या, मऊ केलेल्या कातड्याच्या होत्या आणि त्या आजच्या पट्टीसारख्याच बोटं आणि मनगटावर गुंडाळत. फिलोस्ट्रेटस नावाच्या लेखकाने नोंदवलंय की डुकराच्या कातड्याची वादी चालत नसे, कारण तिने झालेल्या जखमा फार दुखतात आणि लवकर भरत नाहीत अशी समजूत होती. म्हणजे हाताला काय बांधलंय याची तपासणी तेव्हापासून आहे. पुढे वाद्या कडक झाल्या. रोमन लोकांनी त्यात धातू घातला आणि हाताचं रक्षण करणारी वस्तू समोरच्याचं तोंड फोडणारी झाली. १८८५ मध्ये रोममध्ये खोदकाम करताना ब्राँझचा एक बसलेला मुष्टियोद्धा सापडला. नाक मोडलेलं, कान सुजलेले, चेहऱ्यावर ओल्या जखमा तांब्याने लाल दाखवलेल्या, आणि हातावर त्या वाद्यांचे वेढे इतके बारकाईने घडवलेले की कुठून कुठे गेले ते मोजता येतात. मान वळवून तो वर बघतोय. लढत संपलीय आणि वाद्या अजून कोणी सोडलेल्या नाहीत.

आपल्याकडे काय होतं? मला वाटायचं, काही नाही, आपली कुस्ती. कुस्तीत हात उघडा लागतो, पकड लागते. पट्टी कशाला हवी? पण शोधताना वज्रमुष्टी सापडली. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचवलेल्या मानसोल्लासात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. गुजरातेतले ज्येष्ठीमल्ल ही परंपरा सांगतात. आणि एकोणिसाव्या शतकात बडोद्याला, म्हणजे आपल्या गायकवाडांच्या दरबारी, हा खेळ जोरात होता. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात खंडेराव गायकवाडांकडे पाहुणा होता. मल्लांच्या उजव्या हातावर शिंगाची नखं वाद्यांनी बांधतात आणि ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, हे त्याने बघितलं आणि लिहून ठेवलं. वाचताना पोटात कसंतरी होतं. म्हैसूरच्या दसऱ्याला आजही वज्रमुष्टीची जोड होते, पण डोक्यातून पहिलं रक्त दिसताच ती थांबवतात. मोजून काही क्षणांचा खेळ.

बडोद्याचाच आणखी एक ऋण मान्य केला पाहिजे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. मराठीत व्यायामावर इतकं मोठं काम झालंय हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आपल्या पीटीच्या तासाला आपण फक्त ‘एक-दोन, एक-दोन’ ओरडत होतो, त्यात सरांचा दोष नाही.

आजचं मुष्टियुद्ध मात्र इंग्लंडहून आलं. तिथे अठराव्या शतकात उघड्या मुठींनी लढत. जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये नियम लिहिले आणि सरदारांच्या मुलांना शिकवताना त्यांचे चेहरे सुजू नयेत म्हणून कापूस भरलेले मोजे वापरायला सुरुवात केली. उघड्या मुठीने लढणारा माणूस डोक्यावर जपून मारायचा, कारण स्वतःचीच मूठ मोडण्याची भीती असे. १८६७ मध्ये क्वीन्सबरीचे नियम छापले गेले, हातमोजे सक्तीचे झाले, तीन मिनिटांची फेरी आली, दहा आकडे मोजणं आलं. हातमोज्याने मूठ मोठी आणि सुरक्षित झाली आणि डोक्यावर जोरात मारणं परवडू लागलं. सुरक्षेसाठी आलेल्या वस्तूने धोका एकाच्या हाताकडून दुसऱ्याच्या मेंदूकडे सरकवला. आमच्या धंद्यात एक बग काढताना दोन नवे घालतात, तसंच. मोज्याच्या आत पंजा मोकळा राहू नये म्हणून पट्टीचं महत्त्व वाढलं. पुढे हौशी मुष्टियुद्धाच्या नियमावलीत पट्टीची लांबी-रुंदी लिहिली गेली आणि तिथे ‘वेल्पो पद्धतीची पट्टी’ असा शब्द आला. वेल्पो हा फ्रेंच शल्यविशारद. तो वारला तेही १८६७ मध्येच. याला काही अर्थ नाही, पण मला मजा वाटली.

मुंबईला हा खेळ गोऱ्या पलटणींबरोबर आणि बंदरातल्या खलाशांबरोबर आला. १९२५ मध्ये मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना झाली आणि देशातली या खेळाची पहिली संघटना म्हणून तिचं नाव घेतात. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९५० ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. क्रिकेटच्या मैदानात रिंग! सुरुवातीच्या नावांकडे बघितलं तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या संघात रेमंड, क्रॅन्स्टन, नटॉल अशी अँग्लो-इंडियन नावं आहेत आणि त्यांच्याबरोबर बाबूलाल आणि बंगालचे बोस. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा मुष्टियुद्धातला पहिला एल. बडी डिसोझा यांना मिळाला. आपल्या वर्गात तीन डिसोझा होते आणि तिघांपैकी एकानेही हे आम्हाला कधी सांगितलं नाही.

मराठी मुलं रिंगमध्ये आली ती बहुतेक लष्करातून. त्यातले मुरलीकांत पेटकर आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत झालेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा, गावात कुस्ती खेळलेला मुलगा सैन्यात गेला, बॉक्सर झाला, १९६४ मध्ये सेनादलांच्या स्पर्धेसाठी टोकियोला गेला. दुसऱ्याच वर्षी युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून पोहायला लागला आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. सिनेमात पाण्यातला भाग मोठा आहे. मला त्या माणसाचे हात बघायचे होते : आधी बांधलेले, मग उघडे.

आणि मुली? ऑलिंपिकमध्ये मुलींना रिंग मिळाली ती थेट २०१२ मध्ये, लंडनला. आपण दहावी झालो तेव्हा ‘मुलींचं बॉक्सिंग’ असं म्हटलं असतं तर वर्ग हसला असता, मीही हसले असते. पुढच्या काही वर्षांत नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडला आणि पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनला युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेतलं. माझ्या मुलीच्या खोलीत देविकाचा फोटो आहे. शाहरुखचा नाही, हे मला थोडं चमत्कारिक वाटतं.

एक प्रकरण मात्र मी मुलीला वाचून दाखवलं. १६ जून १९८३, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बिली कॉलिन्स या एकवीस वर्षांच्या, एकही लढत न हरलेल्या मुलाला लुई रेस्टोने दहा फेऱ्या मारलं. चेहरा ओळखू येईना. लढत संपल्यावर कॉलिन्सचे वडील, तेच त्याचे प्रशिक्षक, हात मिळवायला गेले आणि रेस्टोचा मोजा त्यांच्या हाताला पातळ लागला. आतला भराव काढून टाकलेला होता. बऱ्याच वर्षांनी रेस्टोने कबूल केलं की पट्ट्याही प्लॅस्टरसारख्या घट्ट होणाऱ्या द्रावणात भिजवलेल्या होत्या. कॉलिन्सची दृष्टी बिघडली, तो परत लढू शकला नाही आणि पुढच्या वर्षी मोटार अपघातात गेला. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक तुरुंगात गेले. २००९ मध्ये लॉस एंजलिसला अँटोनियो मार्गारिटोच्या पट्टीत असाच कडक तुकडा सापडला, पण तो लढतीच्या आधी, कारण समोरच्या शेन मोझलीचे प्रशिक्षक नाझीम रिचर्डसन पट्टी बांधताना शेजारी उभे राहून बघत होते. पट्टी सोडायला लावली, नवी बांधली, आणि मार्गारिटो हरला. व्यावसायिक लढतीत आजही समोरच्याचा माणूस पट्टी बांधताना हजर राहू शकतो आणि अधिकारी बांधलेल्या हातावर सही करतो.

मुलीने विचारलं, ‘रेस्टोला माहीत होतं का?’ पट्टी बांधून देणाऱ्यावर आपण हात सोपवतो, एवढंच मी म्हटलं. हे ऐकून ती गप्प झाली. पुढच्या रविवारी चौकला तिने पट्टी बांधून घेताना पहिल्यांदाच फोन बाजूला ठेवला.

आता तो खळगा.

१९९६ च्या जूनमध्ये आपला निकाल लागला. जुलैमध्ये अटलांटाचं ऑलिंपिक होतं. उद्घाटन आपल्याकडे शनिवारी सकाळी दिसलं. मुहम्मद अलीने ज्योत पेटवली तेव्हा त्याचा हात थरथरत होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल. चौकच्या या मुलाने ते शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितलं आणि ठरवलं. शहरात एका ठिकाणी बॉक्सिंग शिकवत, तिथे तो लोकलने जायला लागला. मोजे दोनच जोड, सगळ्यांनी आळीपाळीने घालायचे, घामाने कायम ओले. पट्टी ज्याची त्याने आणायची. त्याच्याकडे नव्हती. घरी त्याने नायलॉनच्या जुन्या जाळीत वाळू भरून पिशवी केली आणि हाताला फाटक्या लुंगीच्या चिंध्या गुंडाळल्या.

माझ्या बाबांचं भाईंदर पश्चिमेला औषधांचं दुकान होतं, तुम्हाला आठवत असेल, रिसेसमध्ये खोकल्याच्या गोळ्या फुकट मागायला सगळे यायचात. ऑगस्टमध्ये तो मला स्टेशनच्या जिन्यावर भेटला. म्हणाला, ‘दोन क्रेप बँडेज हवीत. पैसे दिवाळीला देतो. वडिलांना सांगशील?’ मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही. विसरले नव्हते. सोळाव्या वर्षी घरी जाऊन ‘एका मुलाने मागितलीत’ असं म्हणायची लाज वाटली. कोण मुलगा, कुठे भेटला, उधारी कशाला, हे सगळं पुढचं ऐकू येत होतं. दोन आठवड्यांनी तो परत दिसला तेव्हा मी जिन्याच्या दुसऱ्या बाजूने उतरले.

जानेवारीत त्याचा हात मोडला. पिशवीवरच, स्पर्धेत वगैरे नाही. हाड बसवणाऱ्याने ओढून बांधलं, ते वाकडं जुळलं. मार्चमध्ये होऊ घातलेली निवड गेली. तो वडिलांबरोबर बोटीवर गेला. मी बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, असं सरळ वर जात राहिले. खळग्याची बातमी मला त्याच वर्षी कळली होती. विचारायला मी गेले नाही.

अठ्ठावीस वर्षांनी, चौथ्या की पाचव्या रविवारी, मुलं पळायला गेली असताना मी त्याला हे सांगितलं. मनात उजळणी करून गेले होते, तरी नीट जमलं नाही. तो पट्ट्या गुंडाळत होता. त्याने हात थांबवला नाही. म्हणाला, ‘मला आठवतंय. जिन्यावरून तू दुसरीकडून उतरलीस ते पण दिसलं होतं.’ मग जरा वेळाने, ‘दिली असतीस तरी काय, मला तेव्हा बांधता कुठे येत होती? अशी आवळली असती की हात काळा पडला असता.’

हे खरं की माझ्यासाठी म्हटलं, मला ठरवता आलेलं नाही. बांधायला तो नंतर शिकला, तेही कुठल्या शिबिरात नाही. हात मोडल्यावर चार-पाच वर्षांनी तो शहरातल्या त्याच जागी परत गेला. लढायला नाही, बसून बघायला. तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडून दुसऱ्यांचे हात बांधायला शिकला. उस्ताद म्हणायचे, आधी शंभर हात बांध, मग ठोशाचं बोल. त्याने मोजले नाहीत, पण शंभरच्या पुढे कधीच गेला असेल. बोंबलाच्या हंगामात बोटीवर असला की रविवार बुडतो. मुलं तरी येतात आणि एकमेकांचे हात बांधतात, मोठी लहानांचे.

मी त्याला त्या दिवशी पट्ट्यांचे वीस जोड देऊ केले. मोठा बॉक्स, ऑनलाइन मागवलेला, डिकीत होता. त्याने दहा घेतले. बाकीचे परत न्यायला लावले. ‘मुलांनी आपापल्या धुवायच्या असतात. जास्त असल्या की धुत नाहीत.’ पट्टी रोज धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची आणि चिकटपट्ट्याकडून सुरुवात करून घट्ट गुंडाळायची, म्हणजे उघडताना अंगठ्याचा फास वर येतो. मी तीन वेळा उलटी गुंडाळली. चौक-पाली-उत्तनच्या बाजूला कोणाची मुलं असतील तर त्यांना पाठवा, एवढं त्याने लिहायला सांगितलंय. उरलेले दहा जोड माझ्याकडे आहेत. संमेलनाला घेऊन येईन, ज्याला हवे त्याने मागावेत. उधारीत चालतील.

आता मुलीचे हात घरी मी बांधते. रोज संध्याकाळी साडेसहाला, मीटिंग चालू असली तर कॅमेरा बंद करून. ती बोटं फाकवून बसते, मी मनगटाला तीन वेढे देते, आणि ती म्हणते, ‘मामा एवढं सैल ठेवत नाही.’ मी सोडते आणि परत बांधते. मग नखावर दाबून बघते, लाली येते का.